नदीपासूनचे अंतर

बँकेच्या छापील फॉर्मात अकरावा रकाना आहे:
नदीपासूनचे अंतर.
मी लिहितो, एकशे दहा मीटर.
सहा वर्षांपूर्वीही एवढंच लिहिलं होतं.
नदी हललेली नाही, घरही नाही.

तेव्हा सप्टेंबर होता. भिंतींना अजून गाळाचा वास,
गावभागात बोळाच्या तोंडाशी भिजक्या गाद्यांचा ढीग,
आणि विमलताई आरवाडे म्हणत होत्या,
"साहेब, जरा बघून लिहा, पोरीची फी भरायचीय."
मी बघूनच लिहिलं.
पूररेषेच्या आत, वजा तीस टक्के.
पाया भिजलेला, वजा दहा.
अकरा लाख.
कर्ज बसलं नाही. दिवाळीनंतर घर पाटण्यांना गेलं,
साडेअकराला,
आणि वरचा अर्धा लाख त्यांनी
उपकार केल्यासारखा मोजला, असं ऐकलं.

आज घाटावर फरशी आहे,
पिवळे दिवे, स्टीलचा कठडा,
सायकलींसाठी वेगळी लाल पट्टी,
तिच्यावरून सकाळी म्हशी जातात.
बायका धुणं आपटायच्या त्या दगडाला कुंपण,
आत पाटी: येथे फोटो काढा.
कट्ट्यावर भडंग खात बसलेली माणसं
आयर्विनच्या कमानी मोजतात
जणू कालच कोणी बांधल्यात.

अकराव्या रकान्याखाली यंदा नवीन सूचना आली:
नदी दिसत असल्यास अधिक वीस टक्के.
मी गच्चीवर गेलो. दिसते.
टाकीवर चढलो, अजून दिसते.
पुरात तर खालच्या खोलीतूनही दिसत होती,
पण तसं दिसणं धरत नाहीत.

खालच्या खोलीत इलाही शिकलगार
कातरीला धार लावत बसलेला.
भाडं चार हजार. पाटणे म्हणतात, नऊ.
"नऊला माझी ना नाही," इलाही म्हणाला,
ठिणग्या उडत होत्या, त्यानं वर पाहिलं नाही,
"पण खिडकी एकच, ती गटारीकडं.
भाड्यात नदी किती धरली, तेवढं फोडून सांगा."
मला फोड करता येते. सिमेंटची, सळईची, जिन्याखालच्या जागेची.
ही आली नाही.

त्याच्या चौकटीवर शिसपेन्सिलीच्या रेघा.
खालच्या नातीच्या: मिनाज, पाच वर्षं. मिनाज, सात.
वरच्या पाण्याच्या: दोन हजार पाच, मग एकवीस,
सर्वांत वर एकोणीस.
माझा हात पुरेना. टेप लावला,
सात फूट चार इंच.
याला रकाना नाही.

तेवढ्यात पाटण्यांचा रंगारी आला,
ऑइलपेंटचा डबा, रंग मोतिया.
स्टुलावर चढला. एकोणीस गेलं.
मग एकवीस, मग पाच,
मग सात वर्षांची मिनाज, मग पाच वर्षांची.
वरून खाली,
पाणी ओसरतं तसं.

बेचाळीस लाख. सही केली, शिक्का मारला.
चूक नाही. तेव्हाही नव्हती.
दोन्ही वेळा कोष्टकाप्रमाणेच,
फक्त तेव्हा विमलताई दारात उभ्या होत्या
आणि आज पाटणे चहा सांगतायत.
विमलताई आता विजयनगरला भाड्यानं असतात,
नदीपासून बऱ्याच लांब.
पोरगी शिकली का, कोणाला विचारायचं राहिलं.

निघताना मिनाज आडवी आली.
"टेप आहे ना तुमच्याकडं? मग माझी उंची घ्या."
चपला काढून, टाचा जुळवून उभी राहिली,
चौकटीपासून चार बोटं लांब. रंग ओला होता.
चार फूट सव्वा इंच.
"आता कुठं लिहायची?"

मी वही उघडली.
मिनाज, नऊ वर्षं, असं लिहिलं,
खाली तारीख,
आणि हाताच्या सवयीनं
नदीपासूनचे अंतर.